वेगाने वाढणारा देश जगाचा नेता होतो का?

नमस्कार श्रोतेहो.

भारताची अर्थव्यवस्था जगात कितव्या क्रमांकावर पोहोचली, याची बातमी आली की कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या चहाच्या टपरीवरसुद्धा तिची चर्चा रंगते. 2022 मध्ये आपण ब्रिटनला मागं टाकलं. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या पुढं गेल्याचा आनंद मलाही झाला. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. याच वेगानं वाढत राहिलो, तर एक दिवस जगाचं नेतृत्व आपल्याकडे येईल का? माझं मत आधीच सांगतो. वेग हवाच. पण इतरांचं आपल्यावाचून अडायला लागतं, तेव्हाच नेतृत्व येतं, आणि ते व्हायला वेगापेक्षा बरंच काही लागतं.

आधी थोडा हिशेब करू. 2024 मध्ये अमेरिकेचं वार्षिक उत्पन्न सुमारे 29 लाख कोटी डॉलर होतं, आपलं 4 लाख कोटींच्या आसपास. आपण वर्षाला सात टक्क्यांनी वाढलो, तर साधारण 280 अब्ज डॉलरची भर पडते. अमेरिका अवघी अडीच टक्क्यांनी वाढली, तरी तिची भर 725 अब्जांची. म्हणजे आपला वेग जवळपास तिप्पट, आणि तरीही दोघांमधलं अंतर डॉलरमध्ये मोजलं तर वाढतंच आहे. हे चित्र पालटायला हाच वेग कित्येक दशकं टिकवावा लागेल. एखाद्या वर्षाच्या आकड्यानं हुरळून जाण्यात अर्थ नाही, तसं निराश होण्यातही नाही.

आता इतिहासाकडे बघू. एकोणिसावं शतक संपायच्या आत अमेरिकेचं कारखानदारी उत्पादन ब्रिटनच्या पुढं गेलं होतं. तरी जगाचा व्यापार पौंडातच चालत होता, विमा लंडनमध्येच उतरवला जात होता आणि समुद्रावर ब्रिटिश आरमारच होतं. दोन महायुद्धं झाली, ब्रिटन कर्जात बुडालं, 1944 मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत डॉलर जागतिक चलनव्यवस्थेच्या मध्यभागी आला. आणि 1956 मध्ये तर सगळं उघडच झालं. इजिप्तच्या नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. ब्रिटन आणि फ्रान्सनं इस्रायलला बरोबर घेऊन हल्ला केला. लढाईत ते हरत नव्हते. पण पौंड घसरायला लागला, तो सावरायला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची मदत हवी होती, आणि सैन्य मागं घेतल्याशिवाय ती मिळू देणार नाही, असं अमेरिकेनं बजावलं. ब्रिटनला माघार घ्यावी लागली. अमेरिकेनं त्यासाठी ब्रिटनवर एक गोळीही झाडली नव्हती. महासत्ता म्हणजे काय, ते मला या एका प्रसंगातून जितकं कळलं तितकं दुसऱ्या कशातून कळलं नाही. उत्पादनात पुढं गेल्यापासून या दिवसापर्यंत यायला अमेरिकेला अर्धशतकाहून जास्त काळ लागला.

वेगाच्या जोरावर पुढं आलेले आणखीही देश आहेत. सोव्हिएत संघानं 1957 मध्ये स्पुटनिक सोडून जगाला थक्क केलं आणि 1991 मध्ये तो संघच उरला नाही. जपान 1968 च्या सुमारास जगातली दुसऱ्या क्रमांकाची भांडवलशाही अर्थव्यवस्था झाला. 1989 च्या डिसेंबरात टोकियोचा शेअर निर्देशांक ज्या शिखरावर गेला, तिथं परत पोहोचायला त्याला 2024 उजाडावं लागलं. पण जपान संपला असं म्हणू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या मशीन शॉपमध्ये जाऊन बघा. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या मशीनचा कंट्रोलर, म्हणजे तिचा मेंदू, बहुतेक ठिकाणी जपानच्या फानुकचा, नाहीतर जर्मनीच्या सीमेन्सचा दिसेल. वाढीचा वेग मंदावला, तरी जगभरच्या कारखान्यांचं त्यांच्यावाचून अडतं.

चीननं हे नेमकं ओळखलं. 1978 पासून सुधारणा सुरू केल्या, तीस वर्षं वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास वाढ साधली, 2010 मध्ये जपानला मागं टाकलं. हे सगळ्यांना दिसलं. दुर्मिळ मृदा धातू, म्हणजे मोटारींतल्या ताकदवान चुंबकांना लागणारे धातू, शुद्ध करण्याचं बहुतांश काम त्यांनी त्याच काळात आपल्याकडे खेचून घेतलं, तिकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं. एप्रिल 2025 मध्ये चीननं त्यातल्या काही धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा जगभरच्या वाहन उद्योगाचे धाबे दणाणले. आपल्याकडच्या विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या कंपन्याही त्यातून सुटल्या नाहीत.

मग चीन उद्याचा नेता का? बलाढ्य तो आहेच. पण दुसऱ्याला अडवण्याची ताकद असणं निराळं आणि दुसऱ्यानं आपली बचत विश्वासानं आणून ठेवणं निराळं. जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या परकीय गंगाजळीत, म्हणजे परकीय चलनाच्या साठ्यात, युआन या चिनी चलनाचा वाटा दोन-तीन टक्क्यांच्या पुढं नाही, कारण चीनमधून पैसा मोकळेपणानं बाहेर नेता येत नाही. शिवाय 2022 पासून तिथली लोकसंख्या घटायला लागली आहे. अमेरिकेच्या बाजूनंही सगळं आलबेल नाही. 2022 मध्ये रशियाची सुमारे 300 अब्ज डॉलरची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवल्यापासून अनेक देश डॉलरकडे सावधपणे बघू लागले आहेत. माझ्या अंदाजानं पुढची काही दशकं एकच एक नेता नसलेली असतील. भारतासाठी ती संधी आहे.

ती साधायची कशी, याचं एक उत्तर कोल्हापुरात आहे. शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. राधानगरीच्या धरणाचं काम त्याआधीच सुरू केलं होतं. 1922 मध्ये महाराज गेले. धरण पूर्ण व्हायला 1950 चं दशक उजाडलं. पण पाणी आलं, ऊस वाढला, उसाला पाणी द्यायला ऑइल इंजिनं लागली, ती इथल्याच कारागिरांनी बनवली, आणि इंजिनांसाठी ओतकाम करता करता फौंड्रीचा, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून सुटे भाग बनवण्याचा उद्योग उभा राहिला. आज इथलं कास्टिंग, म्हणजे असे ओतीव भाग, परदेशी गाड्यांतही बसतं. यातली एकही पायरी झटपट गाठलेली नाही.

पुढच्या पायरीवर मात्र आपण अडकलो आहोत. कास्टिंग आपलं, डिझाइन दुसऱ्याचं, मशीनचा मेंदू तिसऱ्याचा. भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाऊण टक्क्याहूनही कमी खर्च करतो. चीन अडीच टक्क्यांच्या आसपास, दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास. त्याहून मला सलणारी गोष्ट अशी की त्या देशांत हा खर्च मुख्यतः कंपन्या करतात, आपल्याकडे त्याचा मोठा भार सरकारवर आहे. म्हणून माझं सांगणं दिल्लीला नाही, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या कारखानदारांना आहे. एकट्या फौंड्रीला प्रयोगशाळा परवडत नाही, हे मान्य. पण वीस-पंचवीस जणांनी वर्गणी काढली, शिवाजी विद्यापीठाला आणि इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना बरोबर घेतलं, तर नव्या मिश्रधातूंवर, सेन्सरवर, कंट्रोलरवर इथं काम सुरू होऊ शकतं. त्यात मुलीही मुलांच्या बरोबरीनं हव्यात. त्या शिकतात आणि मग नोकरीच्या वयात घरी बसतात, हा तोटा कुठलीच अर्थव्यवस्था सोसू शकत नाही. पहिली दहा वर्षं या कामातून फारसं काही हाती लागणार नाही, हे धरूनच पैसे घालावे लागतील.