भंगारातल्या एसी पाइपातून जपानी किसेरू

नमस्कार मंडळी, हे हातात दिसतंय ना, हा जपानी पाइप आहे, किसेरू म्हणतात याला, आणि हा मी भंगारवाल्याकडून वजनावर आणलेल्या एसीच्या तांब्याच्या पाइपातून घरी केलाय. आधीच सांगतो, मी ओढत नाही, तंबाखू वाईटच, आणि अठराच्या आतल्यांनी तर हा नाद करूच नका. मला आवडते ती याची बनावट.

तीन तुकडे असतात. पुढचा धातूचा वाकडा भाग म्हणजे गांकुबी, शब्दशः रानहंसाची मान, त्याच्या टोकाला छोटी वाटी. मागे तोंडात धरायचा तो सुइकुची, तोही धातूचा. आणि मध्ये बांबूची नळी, तिला राओ म्हणतात, कारण तो बांबू लाओसहून यायचा असं सांगतात. एदो काळात, म्हणजे साधारण दीडशे ते चारशे वर्षांपूर्वीच्या जपानात, ही नळी चोंदली, जळली की बदलून देणारे लोक गल्लोगल्ली फिरायचे, आपल्याकडे कल्हईवाले फिरायचे तसे.

गंमत ऐका, जपानमध्ये रेल्वेत तिकीट चुकवायच्या एका युक्तीला पण किसेरूच म्हणतात. चढायच्या आणि उतरायच्या स्टेशनजवळचं तेवढं भाडं भरायचं, मधला सगळा प्रवास फुकट. पाइपाच्या दोन्ही टोकांनाच धातू, मधे नुसता बांबू, आणि जपानीत काने म्हणजे धातू पण आणि पैसा पण. भारी आहे की नाही!

चला, कामाला लागू. मी घेतला ३/८ इंची पाइप, म्हणजे बाहेरून साडेनऊ मिलिमीटर. पण हे नीट ऐका, आधीच कापून ठेवलेले तुकडेच घ्या, गॅस भरलेला एसी स्वतः कापत बसू नका, कारण तो गॅस ज्वाळेत गेला की विषारी वाफा होतात. आतलं तेल पण साबणाच्या गरम पाण्याने पूर्ण काढा. आणि जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप तापवायचा नाही म्हणजे नाही, त्याच्या धुराने ताप भरतो. जुने पितळी नळ पण नकोत, त्यात बऱ्याचदा शिसं असतं.

गांकुबीसाठी सात सेंटिमीटरचा तुकडा कापा, लालसर होईपर्यंत तापवा आणि सरळ पाण्यात टाका. लोखंडासारखं तांबं याने कडक होत नाही, उलट मऊ पडतं. आता एसीवाल्यांकडे पाइपाचं टोक फुगवायचं टूल असतं ना, एक पाइप दुसऱ्यात बसवायला, त्याने एक टोक सेंटिमीटरभर फुगवा. ही झाली वाटी, आणि जिथे फुगवटा संपतो तिथे आत एक बारीक पायरी तयार होते. त्या पायरीवर तांब्याच्या पत्र्याची चकती टाका, मधे अडीच मिलिमीटरचं भोक पाडलेली, आणि हलकेच ठोकून घट्ट बसवा. सोल्डरचा एक थेंब नाही लागत, आणि मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात आवडली.

वाकवताना मात्र माझा पहिला तुकडा मधेच चेपला, कारण मी घाईत नुसताच वाकवला. आत वाळू ठासायची, कोरडी हं, ओली वाळू आत कोंडून तापवलीत तर वाफेने उडेल, मग दोन्ही टोकांना लाकडी बूच मारायचं आणि हळूहळू वाकवायचं. चकती वाळू काढल्यावर बसवा.

सुइकुचीला सहा सेंटिमीटरचा तुकडा, आत लोखंडी सळई घालून टोकाकडे फिरवत फिरवत ठोकत निमुळतं करायचं. ठोकून ठोकून तांबं ताठ होतं, मग परत तापवा, परत ठोका. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करतात त्यांचा हात बघा एकदा, माझं काम त्यापुढे पोरखेळ आहे.

आता तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं हे आपल्याला घरात माहीतच आहे, तेच तोंडाच्या टोकाला होणार. म्हणून सुइकुचीला आतून-बाहेरून कल्हई करून घ्या, शुद्ध कथलाची. वाटीला मात्र नाही, कथील २३२ अंशाला वितळतं आणि निखारा त्याच्या कितीतरी वर असतो.

बांबूसाठी झाडूचा दांडा बघितला, तो निघाला भरीव. शेवटी बासरीवाल्याकडून एक बारीक पेर मिळालं, मधे गाठ नसलेलं, दोन्ही टोकं पॉलिशपेपरने आठ मिलिमीटरपर्यंत घासली. चिकटवायचं काही नाही, नुसतं दाबून बसवायचं, म्हणजे बांबू खराब झाला की बदलता येतो.

खऱ्या किसेरूत केसाइतका बारीक कापलेला तंबाखू लागतो, वाटाण्याएवढी गोळी, दोन-तीन झुरके आणि संपलं, चिलमीसारखी भरायची नसते. मी आपली हवाच तपासली, वाटीवर बोट ठेवून ओढून बघितलं, तर बांबूच्या जोडातून सूं आवाज. एक फेरा पातळ कागद गुंडाळला, परत दाबला, आणि आवाज बंद.