राणीच्या बागेतले तीन दिवस

(दृश्य : पहाट. भायखळ्याचं मुख्य प्रवेशद्वार बंद. आतून पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज.)

गेट अजून उघडलेलं नाही, पण आतला दिवस कधीच सुरू झालाय. रात्रभर जागलेले माळी आता शेवटचा हात फिरवतायत. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीत ओला स्पंज आणि स्पंजात एकेक करून खोचलेलं फूल. शेवंती आणि झेंडू आधी लावून झालेत, कारण ते टिकतात. गुलाब सगळ्यात शेवटी. उन्हं वर आली की पहिला मान तोच टाकतो.

जानेवारीची अखेर किंवा फेब्रुवारीची सुरुवात. मुंबई महापालिकेचं उद्यान खातं दरवर्षी याच सुमाराला राणीच्या बागेत झाडांचं, फुलांचं, फळांचं आणि भाज्यांचं प्रदर्शन भरवतं. फक्त तीन दिवस. गेली पंचवीसहून अधिक वर्षं हा शिरस्ता आहे. कागदोपत्री या जागेचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. टॅक्सीवाल्याला मात्र ‘राणीची बाग’ एवढंच सांगायचं.

(दृश्य : रोपवाटिका. गादीवाफे, कुंड्यांच्या रांगा. हातांचे जवळून शॉट.)

या तीन दिवसांची तयारी चार महिने आधी सुरू होते. पेटुनियाचं बी इतकं बारीक, की ते बारीक वाळूत मिसळून पेरावं लागतं, नाहीतर एकाच जागी ढिगानं पडतं. त्यावर मातीचा थर द्यायचा नाही, नुसतं हलक्या हातानं दाबायचं. पाणी झारीचं, तेही बारीक धारेचं. चार-पाच पानं आली की रोप उचलून पिशवीत, तिथून कुंडीत. मग शेंडा खुडायचा. नवख्या माणसाला हे जड जातं. जोमानं वर निघालेलं रोप, आणि त्याचाच शेंडा मोडायचा. पण शेंडा मोडला की बाजूनं फांद्या फुटतात, आणि जितक्या फांद्या तितक्या कळ्या.

शेवंतीची तऱ्हा वेगळी. तिची रोपं छाटांपासून किंवा बुडाशी फुटलेल्या मुनव्यांपासून, पावसाळ्यातच तयार करतात. दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली की ती कळी धरते. रात्रीचा अंधार तिला अखंड लागतो. कुंड्यांवर रस्त्याचा दिवा रात्रभर पडत राहिला, तर बाकीच्या फुलून गेल्या तरी त्या तेवढ्या मागं राहतात. म्हणून कुंडी कुठं ठेवायची हेसुद्धा माळी विचार करून ठरवतो. डेलियाला बांबूची काडी हवी, फूल जड होतं आणि दांडा वाकतो.

हे सगळं करायचं ते मुंबईच्या थंडीच्या भरवशावर. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पहाटे जो काही गारवा येतो, तेवढाच. प्रदर्शनाची तारीख त्या गारव्यानंच ठरवून दिलेली आहे.

(दृश्य : गेट उघडतं. गर्दी आत शिरते. मुलं, आजी-आजोबा, शाळेच्या रांगा.)

(इथे दहा सेकंद निवेदन नाही. मूळ आवाज राहू द्यावा.)

फुलांच्या आकृत्यांपाशी सगळ्यात जास्त फोन वर जातात. पण आमचा कॅमेरा जास्त वेळ थांबला तो भाज्यांच्या मांडवात. कुंडीतला कोबी. कुंडीतलं वांगं, चकचकीत जांभळं. मांडवावरून लोंबणारा दुधी. एक मुलगा वाकून विचारतो, “आजी, हा खराच कोबी आहे?” आजी म्हणते, “हात नको लावूस रे, नुसतं बघ.” आणि मग आजूबाजूला पाहून स्वतःच अलगद एक पान चाचपते.

या मांडवातल्या कुंड्या पाहून आपल्याकडच्या दोन फुटांच्या गॅलरीत काय लावता येईल, हे लोक विचारत असतात. किती ऊन लागतं, शेणखत किती घालायचं, पाणी रोज की एक दिवसाआड. वह्या घेऊन आलेलेही बरेच आहेत. उद्यानविद्येची कार्यशाळा याच प्रदर्शनाला जोडून असते. मुंबईसारख्या शहरात माणसं पालिकेच्या माळ्याला घेरून मातीबद्दल विचारतायत, हे दृश्य आम्हाला इतर सगळ्यापेक्षा मोलाचं वाटलं.

(दृश्य : कॅमेरा मांडवातून बाहेर, वर, झाडांच्या छताकडे.)

आता जरा वर बघूया. कारण कुंड्या तीन दिवसांच्या पाहुण्या. वरची मंडळी इथली कायमची.

ही जागा मुळात वनस्पतींसाठीच घेतलेली. पश्चिम भारतात शेती आणि बागकामासाठी काम करणाऱ्या एका संस्थेची बाग आधी शिवडीला होती. ती जमीन दफनभूमीसाठी गेली, आणि संस्थेला इथं माझगाव-भायखळ्याच्या बाजूला जागा मिळाली. 1862 मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते बागेचं उद्घाटन झालं. पुढं संस्थेकडचे पैसे संपले आणि 1873 मध्ये बाग नगरपालिकेकडे आली. देशोदेशींची झाडं आणून ती मुंबईच्या हवेत रुजतात का, हे पाहण्याची ही जागा होती. जी रुजली, ती ही.

(दृश्य : गोरखचिंचेचा बुंधा. तीन मुलं हात पसरून उभी, तरी वेढा पुरत नाही.)

गोरखचिंच. आफ्रिकेतली. या फुगीर बुंध्यात ती पाणी साठवते. पानं गळलेली असताना पाहिली की मुळं आभाळाकडे करून कुणी झाड उलटं रोवल्यासारखी दिसते.

(दृश्य : कैलासपती. खोडावरच उमललेली फुलं. खाली पाकळ्यांचा सडा.)

कैलासपती. हे झाड दक्षिण अमेरिकेतलं, आणि फुलात पाहावं तर मधे पिंड आणि वर फणा. फूल फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर येतं. वास इतका दाट, की झाड दिसण्याआधी कळतं.

(दृश्य : उर्वशी. लाल झुपके. वारा. शॉट लांब धरावा.)

आणि ही उर्वशी. मूळची ब्रह्मदेशातली, फुलणाऱ्या झाडांमधली राणी म्हणून जगभर नावाजलेली. तिच्या फुलांचे लाल-पिवळे झुपके असे खाली लोंबतात. कोवळी पानंही तशीच मलूल, जणू पाणी न मिळाल्यासारखी. ती आजारी नसते, तिची पालवीच तशी. आपल्या नशिबानं तिचा फुलण्याचा काळ आणि प्रदर्शनाचा काळ एकच आहे. झुपक्यांखालून शेकडो माणसं गेली. मान वर केली ती मोजक्यांनी. ज्यांनी केली, त्यांचे चेहरे आम्ही टिपले आहेत.

तीन हजारांच्या वर झाडं आहेत या बागेत. कृष्णवड आहे, ज्याच्या पानाला द्रोणासारखी घडी असते. कृष्णानं त्यात लोणी लपवलं असं म्हणतात. सीतेचा अशोक आहे, जो आपण सोसायटीच्या कुंपणाला लावतो त्या उंच सरळ अशोकापेक्षा निराळा, खरा अशोक. आपलं राज्यफूल तामण आहे, पण तो बहरतो एप्रिल-मेमध्ये. त्यासाठी उन्हाळ्यात पुन्हा यावं लागेल. झाडं ओळखणारी माणसं इथं हौशी मंडळींना घेऊन फेऱ्या काढतात. एकदा तरी अशा फेरीत सामील व्हा. नाव कळलेलं झाड पुन्हा कधी नुसतं ‘झाड’ राहत नाही.

(दृश्य : पेंग्विन कक्षाबाहेरची रांग. काचेपलीकडे पेंग्विन पाण्यात सूर मारतो.)

बच्चेकंपनीची ओढ अर्थात इकडे. हम्बोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. 2016 मध्ये ते सोलहून आले आणि 2017 पासून लोकांना पाहता येतात. आत 16 ते 18 अंश तापमान ठेवावं लागतं. 2017 मध्येच बागेचं तिकीट 5 रुपयांवरून 50 रुपये झालं.

(दृश्य : काळा घोडा. मग दगडी हत्ती. मग घड्याळाचा मनोरा.)

दक्षिण मुंबईतल्या काळा घोडा या नावाच्या चौकातून उठून 1965 मध्ये इथं आलेला घोड्याचा पुतळा तो हाच, वर बसलेला ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड. संग्रहालयाच्या आवारातला हा दगडी हत्ती घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये इंग्रज त्याला इंग्लंडला न्यायला निघाले, तेव्हा उचलताना यारी, म्हणजे क्रेन, मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. 1914 मध्ये ते तुकडे इथं जोडून तो पुन्हा उभा केला. मागची देखणी इमारत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची, 1872 पासूनची, मुंबईतलं सगळ्यात जुनं संग्रहालय.

(दृश्य : झाडांखालच्या वाटा. एक वृद्ध जोडपं बाकावर.)

2007 च्या सुमाराला इथं 400 कोटींहून अधिक खर्चाचं नव्या धर्तीचं प्राणिसंग्रहालय उभारायचा आराखडा आला. त्यात झाडं जातील या भीतीनं नागरिक एकत्र आले, एकेका झाडाची नोंद घेतली गेली, हरकती झाल्या आणि आराखडा बदलला.

(दृश्य : बाक. सावली. पानं.)

(दृश्य : तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ. शिट्ट्या वाजवत रखवालदार. लोक गेटकडे.)

शिट्टी झाली. एका ताईंच्या हातात तुळशीचं रोप आहे, मुलाच्या हातात कैलासपतीची एक पाकळी.

(दृश्य : रात्र. टेम्पोत कुंड्या चढवल्या जातात. सांगाड्यांवरची सुकलेली फुलं पोत्यात.)

सांगाडे मोकळे झाले. कुंड्या परत निघाल्या. पेटुनिया अजून काही आठवडे पालिकेच्या इतर बागांमधून फुलेल, ऊन तापलं की संपेल. शेवंतीची फुलं सरली की माळी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन तिला बुडापासून थोडी वर छाटतील. बुडाशी मुनवे फुटतील. पावसाळ्यात तेच वेगळे करून लावायचे.

(दृश्य : छाटलेली शेवंती. ओळीत तीसेक कुंड्या. पाणी.)