दुसरं टोक

श्रोतेहो, नमस्कार. आज शीख बांधवांच्या पगडीविषयी. पंजाबीत तिला पग म्हणतात, आदरानं दस्तार.

१६९९ ची बैसाखी. आनंदपूर साहिबला गुरु गोविंदसिंगांनी खालसा पंथ स्थापला. पाच ककार, म्हणजे खालशानं अंगावर बाळगायच्या 'क'च्या पाच खुणा, आपल्याला ठाऊक आहेत: केस, कंगा, कडं, कृपाण आणि कच्छेरा, म्हणजे आखूड विजार. त्यांत पगडी नाही, केस आहेत. केस कापायचे नाहीत, ते नीट झाकायचे, म्हणून दस्तार. आधी केस, मग दस्तार, एवढं ध्यानात ठेवा. आणि त्या काळी भारी पगडी मिरवायचे ते अमीर-उमराव. इथं मात्र ती सगळ्यांच्या डोक्यावर आली. पंज प्यारे म्हणजे खालशाची दीक्षा घेणारे पहिले पाच जण. त्यांतले भाई साहिबसिंग आपल्या शेजारच्या बिदरचे, परंपरा सांगते की न्हावी समाजातले!

माझ्या मनातली पगडी मात्र नांदेडची. लहानपणी आम्ही तिथं भाड्यानं राहत होतो. शेजारच्या सरदारजी काकांनी एका सकाळी भिंतीवरून हाक मारली. काकू माहेरी गेल्या होत्या, पूनी करायला कोणी नव्हतं. पूनी म्हणजे पगडीच्या कापडाची घडी. गडद निळी, पाचेक मीटरची मलमल, पाणी शिंपडून दमट केलेली. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. "ताण बेटा, ढिली सोडू नको." अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही ती ताणली, दुमडली, पुन्हा ताणली, पुन्हा दुमडली. माझ्या हातून ती एकदा सुटली आणि मातीला लागली. काका रागावले नाहीत. टोक उचललं, कपाळाला लावलं, झटकलं आणि परत माझ्या हातात दिलं. मग एक टोक दातांत धरून एकेक वळसा घेऊ लागले. शेवटी सलाईनं, म्हणजे एका बारीक सळीनं, कानाजवळचे केस आत सारले.

आपल्याकडे लग्नात हल्ली शिवलेले तयार फेटे टोपीसारखे घालतात. मला ते मुळीच पटत नाही. फेटा बांधणाऱ्याला बोलवा, अर्धा तास जाऊ द्या की!

मी विचारलं, "काका, रात्री टोपीसारखी काढून ठेवली तर?" ते म्हणाले, "नाही बेटा. जशी बांधली तशीच एकेक वळसा सोडायची. सकाळी परत बांधायची."

ब्रिटनमध्ये पगडी घालणाऱ्या शिखांना मोटारसायकलवर हेल्मेटची सूट मिळाली, त्यासाठी १९७६ साली कायदा करावा लागला. ती बातमी कळली तेव्हा मला काकांचं अंगण आठवलं. काकू परत येईपर्यंत आठ दिवस मी रोज सकाळी दुसरं टोक धरायला जात होतो. नंतर ते एकदाही माझ्या हातून सुटलं नाही.