पाठाच्या शेवटची निळी चौकट

अध्यक्ष महाशय आणि शिक्षक मित्रहो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचे नाव ‘इंग्रजीच्या अध्यापनात संस्कृतीचे स्थान’ असे छापले आहे. हे स्थान नेमके कोठे आहे ते मी आत्ताच सांगून टाकतो: पाठाच्या शेवटी, पानाच्या उजव्या कोपऱ्यात, फिकट निळ्या चौकटीत. त्या चौकटीत लंडनची लाल दुमजली बस असते, एखाद्या सणाचे चार ओळींत वर्णन असते आणि हसऱ्या कुटुंबाचे एक चित्र असते. चौकटीवर परीक्षेत प्रश्न येत नाही हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते, आपल्यालाही ठाऊक असते, आणि म्हणून तास संपत आला की आपण ‘ते घरी वाचा’ असे म्हणून खडू खाली ठेवतो.

माझे त्या बसशी काही वाकडे नाही. तक्रार एवढीच आहे की बस दाखवली म्हणजे संस्कृती शिकवून झाली असे आपल्याला वाटू लागते, आणि खरी संस्कृती त्याच पानावर वरच्या बाजूला, ‘मे, माइट, कुड, वुड ही शक्यता दर्शविणारी सहायक क्रियापदे होत’ या ओळीखाली दडलेली असते, तिच्याकडे कोणी पाहत नाही.

मला हे ज्या प्रसंगाने शिकवले तो सांगतो. ज्यांनी तो पूर्वी ऐकला असेल त्यांनी कृपया योग्य ठिकाणी पुन्हा हसावे. तरुणपणी मी एका परदेशी नियतकालिकाकडे एक लेख पाठवला होता. संपादकांचे उत्तर आले. पहिल्या परिच्छेदात आभार होते. दुसऱ्यात माझी मांडणी ‘मोस्ट इंटरेस्टिंग’ असल्याचे म्हटले होते, आणि ते वाक्य मी घरात दोनदा मोठ्याने वाचून दाखवले. तिसऱ्यात लिहिले होते, ‘यू माइट लाइक टु रीकन्सिडर द सेकंड सेक्शन’. मी व्याकरणाचा माणूस. कर्ता, सहायक क्रियापद, मुख्य क्रियापद असे सर्व वेगळे करून मी अर्थ लावला, की दुसऱ्या भागाचा पुनर्विचार करायला तुम्हाला कदाचित आवडेल. मग सलग दोन संध्याकाळी, तो भाग समोर ठेवून, आपल्याला हे खरोखर आवडेल का, असे मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारले. उत्तर नकारार्थी आले. त्यानुसार मी अत्यंत शुद्ध इंग्रजीत कळवले की आपल्या सूचनेवर मी विचार केला असून तो भाग मला आहे तसाच योग्य वाटतो, तरी तो तसाच छापावा.

त्यावर आलेले उत्तर दोन ओळींचे होते, आणि त्यात ‘माइट’ कोठेही नव्हते.

संतापून मी दोन्ही पत्रे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना दाखवली. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, पहिल्या पत्रातील ‘माइट लाइक टु’च्या डोक्यावर ‘केलेच पाहिजे’ असे लिहिले आणि ‘इंटरेस्टिंग’पुढे एक प्रश्नचिन्ह काढले. “अहो, तो हुकूम होता, आणि तुम्ही साहेबांना नाही म्हणून बसलात!” ते म्हणाले. आजही मला बोचते ते हे की माझ्या पत्रात एकही चूक नव्हती. चार चुका असत्या तर संपादकांनी मला परका शिकाऊ समजून सांभाळून घेतले असते. भाषा निर्दोष होती म्हणूनच मी त्यांना उद्धट वाटलो. भाषाशास्त्रज्ञ जेनी थॉमस यांनी १९८३ मध्ये हीच गोष्ट नेमकेपणाने मांडली: व्याकरण चुकले तर ऐकणारा भाषा कच्ची समजतो, पण बोलण्याचा रोख चुकला तर तो माणूसच वाईट समजतो. अशा चुकांचे त्यांनी दोन प्रकार केले. एकात शब्दयोजनेचे वजन चुकते, जसे माझे चुकले. दुसऱ्यात कोणाकडे किती मागावे, कोणापुढे किती मोकळे व्हावे, हा नात्याचा अंदाजच चुकतो. पहिला प्रकार जवळजवळ व्याकरणासारखा शिकवता येतो. दुसरा माणसाच्या मूल्यांना जाऊन भिडतो, म्हणून तेथे शिक्षकाने हात राखून असावे.

आता कोणी म्हणेल, संवादकेंद्री पद्धतीने, म्हणजे नियमांऐवजी संभाषणातून भाषा शिकवण्याच्या पद्धतीने, हे सर्व केव्हाच वर्गात आणले आहे. भाषेचा समाजाच्या अंगाने अभ्यास करणारे डेल हाइम्स यांनी १९६० च्या दशकात, भाषा येणे म्हणजे मुख्यतः व्याकरणाचे ज्ञान असणे या भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांच्या मांडणीला उत्तर देताना, शुद्ध वाक्य रचता येणे पुरेसे नाही, ते कोणाशी, केव्हा आणि कसे बोलावे हेही कळले पाहिजे, असे म्हटले हे खरे. त्यातून आपण मात्र काय उचलले? ‘स्टेशनवर’, ‘टपाल कार्यालयात’ असे संवाद. त्या संवादांत कोणी मोठा नसतो, कोणी लहान नसतो, कोणाला घाई नसते आणि तिकीट खिडकीमागचा माणूस कधीही वैतागलेला नसतो. हाइम्स यांचे ‘केव्हा’ आपण घेतले आणि ‘कोणाशी’ वाटेत सांडले.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: संस्कृती शिकवायची म्हणजे कोणाची? भाषाशास्त्रज्ञ ब्रज कच्रू यांनी १९८५ मध्ये इंग्रजी वापरणाऱ्या देशांची तीन वर्तुळे दाखवली, त्यांतले आतले वर्तुळ तेवढे मातृभाषकांचे आहे, बाहेरची दोन इंग्रजी दुसरी किंवा परकी भाषा म्हणून वापरणाऱ्यांची, आणि आज कितीतरी इंग्रजी संभाषणांत दोन्ही बाजूंना मातृभाषक नसतोच. आतल्या वर्तुळातही एकमत नाही. ‘क्वाइट गुड’ ही अमेरिकन माणसाच्या तोंडी सहसा शाबासकी असते. ब्रिटिश माणसाच्या तोंडी ती पुष्कळदा ‘ठीक आहे’ इतकीच असते. म्हणून भाषाशिक्षणाचे अभ्यासक मायकेल बायराम यांनी १९९७ मध्ये मातृभाषकाची नक्कल हे ध्येय बाजूला ठेवून, दोन संस्कृतींच्या मध्ये उभे राहून दोन्हींचा अर्थ लावू शकणारा वक्ता हे ध्येय मांडले, ते मला पटते.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे: ‘शक्य असल्यास समारोपाकडे वळावे, ही विनंती.’ ‘शक्य असल्यास’चे वजन मला आता कळते, तेव्हा ज्या पद्धतीसाठी आपण मला बोलावले ती घाईघाईने सांगतो.

एकच विनंती चार प्रकारे फळ्यावर लिहा, ‘ओपन द विंडो’पासून ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड ओपन द विंडो’पर्यंत. अर्थ विचारू नका. कोण कोणाला म्हणत असेल, ते विचारा. ‘वॉज’ हा भूतकाळ येथे काळ दाखवत नसून अंतर दाखवतो, हे मुले स्वतःच शोधतात. मग त्यांना विचारा की हेच अंतर तुमच्या भाषेत कशाने दिसते. अनेक भाषांत ते काम ‘तू’, ‘तुम्ही’ यांसारखे सर्वनाम करते. इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’, म्हणजे जुने ‘तू’, गेले, एकटे ‘यू’ उरले, तेव्हा ते काम आता क्रियापदांच्या रूपांकडून आणि आडवळणाच्या प्रश्नांकडून करून घ्यावे लागते. हा धडा एका तासात होतो आणि त्याला चौकट लागत नाही.

परीक्षेसाठी एक प्रसंग द्या, समजा मुदत वाढवून मागण्याचा. उत्तर लिहून झाले की समोरचा माणूस बदला, प्राध्यापकांच्या जागी मित्र आणा, आणि पुन्हा लिहायला सांगा. गुण पहिल्या उत्तराला नाहीत. दुसऱ्यात काय बदलले आणि का, त्याला आहेत. आणि एखाद्याने ‘मला फरक कळला, पण मी प्राध्यापकांशीही असा घुमवून बोलणार नाही’ असे कारणासह लिहिले, तर मी त्याला पूर्ण गुण देतो. संपादकांचे पत्र आले तेव्हा मी कळून नाही म्हटले असते, तर लेख तरीही परत आला असता, पण घरात ते ‘इंटरेस्टिंग’ मी दोनदा वाचून दाखवले नसते.