ग्रीन्सबरो ते शार्लट : दीडशे किलोमीटरचं बिऱ्हाड

मंडळी, एका विमानापासून सुरुवात करतो. नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ग्रीन्सबरो या गावात मी कापडधंद्यातल्या नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं काढली. तिथून बॉस्टनला जायचं म्हटलं, की बहुतेक वेळा आधी शार्लटला जावं लागे. शार्लट रस्त्याने दीडशे किलोमीटर. विमान छोटं, त्यात मान वाकवून शिरायचं. पट्टा सोडायची खूण दिसते न दिसते तोच विमान उतरायला लागतं. शार्लटच्या विमानतळावर मधल्या मोठ्या दालनात पांढऱ्या लाकडी झुलत्या खुर्च्यांची रांग आहे. त्यात बसून लोक पुढच्या विमानाची वाट बघतात. मी त्या खुर्च्यांत इतक्यांदा बसलोय की एकदा एक ओळखीचे गृहस्थ तिथेच भेटले आणि म्हणाले, आपण दोघं ग्रीन्सबरोत शेजारी राहतो, पण भेटतो मात्र इथे.

आजचा विषय आहे तो एका कॉलेज क्रीडा कॉन्फरन्सने आपलं मुख्यालय कुठे ठेवावं हा. विषय ऐकून आयोजकांनी मला दोनदा विचारलं, लोक येतील ना? आलात, बरं वाटलं.

कॉन्फरन्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंद खोली आणि पाण्याच्या बाटल्या येतात. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांत कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा कायमचा गट. एकमेकांत सामने खेळायचे, अजिंक्यपद स्पर्धा भरवायची, टीव्हीशी एकत्र करार करायचा आणि आलेला पैसा वाटून घ्यायचा. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात. मैदानात खेळाडूंचे दोस्त आणि एखादा चुकलेला काका असतो. तिथे कॉलेजचा फुटबॉल सामना (अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे) बघायला ऐंशी हजार माणसं येतात. त्यामुळे कॉन्फरन्सच्या कमिशनरचं, म्हणजे मुख्य कारभाऱ्याचं, ऑफिस कुठल्या गावात आहे, यावर गावांची भांडणं होतात.

अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे एसीसी, जन्मली 8 मे 1953 ला, ग्रीन्सबरोलगतच्या सेजफील्ड इनमध्ये. भांडणातूनच जन्मली. तिची सगळी कॉलेजं आधी सदर्न कॉन्फरन्समध्ये होती. सीझन संपल्यावर जे मानाचे 'बोल' सामने होतात त्यांत आपल्या संघांनी खेळायचं नाही, असा त्या कॉन्फरन्सने नियम केला. मेरीलँड आणि क्लेमसन तरीही खेळले, त्यांना शिक्षा झाली, आणि सात कॉलेजांनी वेगळी चूल मांडली. सातांपैकी चार नॉर्थ कॅरोलिनाची : ड्यूक, चॅपल हिलचं राज्य विद्यापीठ, रॅलीचं नॉर्थ कॅरोलिना स्टेट आणि वेक फॉरेस्ट. हा सगळा तंबाखूचा मुलूख. ड्यूक हे आडनावच सिगारेटवाल्यांचं. म्हणून या चौघांच्या टापूला आजही टोबॅको रोड म्हणतात. (वेक फॉरेस्ट विद्यापीठ वेक फॉरेस्ट गावात शोधायला जाऊ नका. 1956 मध्ये ते उचलून विन्स्टन-सेलमला नेलं, सिगारेटवाल्या रेनॉल्ड्सच्या पैशाने. तिथे विद्यापीठंसुद्धा बिऱ्हाड हलवतात, मग मुख्यालयाचं काय घेऊन बसलात.)

तर अशा गटाने ऑफिस ग्रीन्सबरोत थाटलं यात नवल नव्हतं. चॅपल हिल ऐंशी किलोमीटर, रॅली सव्वाशे. सकाळी मोटारीने निघालं तर जेवायच्या आत बैठकीला हजर. त्या काळी मुख्यालय म्हणजे पंचांच्या नेमणुका, सामन्यांचं वेळापत्रक, तक्रारींचे कागद आणि एक भला माणूस कमिशनर. पहिला कमिशनर जिम वीव्हर हा वेक फॉरेस्टमधूनच आलेला होता. सगळ्यांच्या मधोमध बसावं, एवढाच विचार पुरेसा होता.

पुढे ग्रीन्सबरोने त्या मधोमधपणाचं सोनं केलं. 1959 मध्ये तिथे कोलिझियम हे बंदिस्त क्रीडागृह उभं राहिलं, आणि पुरुषांच्या बास्केटबॉलची एसीसी टुर्नामेंट सर्वाधिक वेळा त्याच छपराखाली झाली. ही टुर्नामेंट म्हणजे काय हे आकड्यांत सांगून कळणार नाही. माझ्याबरोबर काम करणारा एक ग्रीन्सबरोकर सांगायचा : मार्चमधल्या त्या शुक्रवारी शाळेत बाई चाकांच्या टेबलावरचा टीव्ही ढकलत वर्गात आणायच्या, फळ्यावर 'स्वाध्याय' लिहायच्या, आणि मग दुपारभर स्वाध्याय म्हणजे ड्यूकचा सामना. मुख्याध्यापक दारातून डोकवायचे. रागवायला नव्हे, स्कोअर विचारायला. त्या राज्यात एका ठरावीक वयाच्या कुणालाही विचारा, टीव्हीच्या टेबलाची हीच आठवण निघते. गावाने स्वतःला 'टुर्नामेंट टाऊन' म्हणवून घ्यायला सुरुवात केली, ती उगाच नाही.

पण कॉन्फरन्स वाढत होती आणि तिचा मध्य सरकत होता. 1991 मध्ये फ्लोरिडा स्टेट आलं, 2004 मध्ये मायामी आणि व्हर्जिनिया टेक, 2005 मध्ये बॉस्टन कॉलेज, 2013 मध्ये सिरॅक्यूज आणि पिट्सबर्ग, फुटबॉल सोडून बाकी खेळांसाठी इंडियानातलं नोत्र दाम, 2014 मध्ये केंटकीतलं लुइव्हिल. पंधरा सदस्य, दहा राज्यं. मोटारीने बैठकीला येणारे आता चारच उरले. बाकीचे विमानाने, आणि ते विमान बऱ्याचदा शार्लटला बदलायचं! म्हणजे कागदोपत्री मुख्यालय ग्रीन्सबरोत होतं, पण सिरॅक्यूजच्या माणसाच्या दृष्टीने शार्लट हे वाटेतलं गाव होतं आणि ग्रीन्सबरो त्याच्या पुढचा आडफाटा.

2021 मध्ये नवा कमिशनर आला, जिम फिलिप्स. आधीचे जॉन स्वॉफर्ड चॅपल हिलमध्ये शिकलेले, तिथेच फुटबॉल खेळलेले. चोवीस वर्षं त्या खुर्चीत होते. फिलिप्स शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्नचे. बाहेरचा माणूस आला की घरात ज्या वस्तूंकडे कुणी बघत नसतं त्या त्याला दिसतात. त्याच वर्षी त्यांनी मुख्यालयाचा फेरविचार जाहीर केला आणि बाहेरची सल्लागार कंपनी नेमली. निकष पाच : पूर्व अमेरिकेची प्रमाणवेळ, वाढती आणि वैविध्य असलेली लोकसंख्या, सगळ्या सदस्यांना सोयीचा मोठा विमानतळ, कॉन्फरन्सच्या नावाला आणि भागीदारांशी संबंधांना होणारा फायदा, आणि खर्च.

आता ही यादी ग्रीन्सबरोच्या माणसाने वाचली तर त्याला काय वाटलं असेल? स्थळाने मुलीच्या बापाला सांगावं, आमची एकच अट, मुलगी पाच फूट सहा इंच हवी. 2020 च्या जनगणनेत ग्रीन्सबरो तीन लाखांचं आणि शार्लट पावणेनऊ लाखांचं. विमानतळाचं तर मघाशी सांगितलंच. शार्लट हे अमेरिकन एअरलाइन्सचं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं केंद्र. 'भागीदार' या शब्दात सगळ्यात जास्त भरलंय. 2019 च्या ऑगस्टमध्ये ईएसपीएन या खेळांच्या टीव्ही कंपनीबरोबर एसीसी नेटवर्क ही वाहिनी सुरू झाली, आणि ईएसपीएनचा मोठा स्टुडिओ शार्लटला आहे. एसीसीच्या फुटबॉलचा अंतिम सामना 2010 पासून, एखाददुसरा अपवाद सोडला तर, शार्लटला. बँक ऑफ अमेरिकाचं मुख्यालय शार्लटला. ग्रीन्सबरो हे गिरण्यांचं गाव. तिथल्या कोन मिल्सच्या व्हाइट ओक गिरणीत लिव्हायसच्या जीन्सचं डेनिम विणलं जायचं, ती गिरणी 2017 च्या अखेरीस बंद पडली. मी कापडातला माणूस, त्या मागांचा आवाज ऐकलेला. लालबाग-परळ ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुख्यालयाची जागा नकाशावर पट्टी ठेवून ठरत नाही. आपल्याला कुणाच्या शेजारी बसायचंय, यावर ती ठरते. 1953 मध्ये एसीसीला आपल्या कॉलेजांच्या शेजारी बसायचं होतं. 2022 मध्ये तिला टीव्हीच्या आणि बँकेच्या शेजारी बसायचं होतं.

शेवटच्या फेरीत तीन शहरांची नावं होती : ग्रीन्सबरो, शार्लट आणि फ्लोरिडातलं ऑरलँडो. ऑरलँडो अगदीच परकं नव्हतं. 2016 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने तृतीयपंथीयांच्या स्वच्छतागृहाच्या वापराबद्दल वादग्रस्त कायदा केला, तेव्हा निषेध म्हणून एसीसीने आपल्या स्पर्धा राज्याबाहेर काढल्या होत्या, आणि त्या वर्षीचा फुटबॉलचा अंतिम सामना ऑरलँडोत झाला. स्पर्धा वर्षभर बाहेर राहिल्या, पुढच्या मार्चमध्ये तो कायदा मागे घेतला गेला. त्यामुळे मुख्यालय राज्याबाहेर जाईल ही धमकी 2022 मध्ये राज्याच्या राजकारण्यांना खरी वाटली. जुलैच्या अर्थसंकल्पात त्यांनी दीड कोटी डॉलर ठेवले. त्या वेळच्या दराने साधारण एकशेवीस कोटी रुपये. कायद्यात एसीसीचं नाव नाही. कॉन्फरन्सचं वर्णन मात्र असं केलेलं, सदस्य किती, किती राज्यांत, पैकी नॉर्थ कॅरोलिनात किती, की दुसरं कुणी त्यात बसूच नये. आपल्याकडे निविदेच्या अटी लिहिणाऱ्यांना ही कला शिकवायची गरज नाही! पैशाबरोबर अटी होत्या : मुख्यालय पंधरा वर्षं राज्यात ठेवायचं आणि ठरावीक संख्येने अजिंक्यपद स्पर्धा राज्यातच घ्यायच्या.

गंमत बघा. राज्याने पैसे ओतले ते मुख्यालय राज्यात राहावं म्हणून. ते राज्यातच राहिलं. 20 सप्टेंबर 2022 ला निर्णय जाहीर झाला : शार्लट. ग्रीन्सबरोच्या करदात्याच्या खिशातलेही चार डॉलर त्या दीड कोटीत होते.

तुमच्यात विदर्भातलं कुणी असेल तर ग्रीन्सबरोचं दुःख त्याला एका शब्दात कळेल. नागपूर ही राजधानी होती. एसीसी जन्मली त्याच 1953 मध्ये नागपूर करार झाला, आणि पुढे राजधानीपण गेल्यावर हाती राहिलं हिवाळी अधिवेशन. ग्रीन्सबरोचं हिवाळी अधिवेशन म्हणजे महिलांची बास्केटबॉल टुर्नामेंट. 2000 पासून 2025 पर्यंत, 2017 चा एक अपवाद वगळता, ती दरवर्षी तिथेच झाली. त्या दिवसांत हॉटेलं भरायची, पाहुणे यायचे, मग सगळे विमानतळाकडे जायचे. कुठल्या विमानतळावर बदलून, ते तुम्हाला ठाऊक आहे.

दुसरीकडे काय झालं, तेही थोडं सांगतो. कॉलेज खेळांची सर्वोच्च संस्था एनसीएए कॅन्ससमधल्या ओव्हरलँड पार्कला होती. इंडियानापोलिसने इमारत बांधून देण्याची आणि वर्षाला एक डॉलर भाड्याची तयारी दाखवली, 1999 मध्ये बिऱ्हाड हललं. बिग टेन कॉन्फरन्स शिकागोच्या ओहेअर विमानतळाला खेटून रोझमाँटला बसलीय. आपल्या ओळखीचं उदाहरण आयसीसीचं. 1909 पासून लॉर्ड्सवर असलेली ही संस्था 2005 मध्ये दुबईला गेली. कराची सोय होती, आणि क्रिकेटचा पैसा आशियात होता. दुबईत कुणी कसोटी खेळायला जन्मलेलं नव्हतं.

उलट उदाहरण पॅक-12 चं. पश्चिम किनाऱ्यावरची ही जुनी, मानाची कॉन्फरन्स. सॅन फ्रान्सिस्कोत, शहराच्या ऐन मोक्यावर, वर्षाला साठ-सत्तर लाख डॉलर भाड्याचं ऑफिस घेऊन बसली. तंत्रज्ञानवाल्यांच्या शेजारी बसायची हौस. टीव्हीचा चांगला करार काही हाती लागेना, 2022 मध्ये दोघांनी आणि 2023 च्या उन्हाळ्यात भराभर आणखी आठांनी बाहेर पडायचं ठरवलं. बारांपैकी दोनच उरले. उंची भाड्याच्या ऑफिसला माझा विरोध नाही, पण भाडं देणाऱ्यांना आधी घरात टिकवावं लागतं.

मुख्यालयाच्या पत्त्याचा आणखी एक उपयोग आहे, तो निकषांच्या यादीत कुणी लिहीत नाही. कोर्ट. 2023 च्या डिसेंबरात फ्लोरिडा स्टेटला कॉन्फरन्स सोडायची होती आणि दंड टाळायचा होता. 22 डिसेंबरला त्यांनी टॅलाहासीत, आपल्या घरच्या कोर्टात दावा लावला. एसीसीने आदल्याच दिवशी मेक्लेनबर्ग काउंटीत, म्हणजे शार्लटच्या कोर्टात दावा ठोकलेला! तीन महिन्यांनी क्लेमसन आपल्या साउथ कॅरोलिनातल्या कोर्टात गेलं, आणि एसीसी दुसऱ्या दिवशी पुन्हा शार्लटला. मार्च 2025 मध्ये तडजोड झाली. तोवर कॉन्फरन्स आणि सदस्यांमधल्या एकाच करारावर तीन राज्यांतले न्यायाधीश बसले होते.

आता त्या पहिल्या निकषाकडे येतो : पूर्व अमेरिकेची प्रमाणवेळ. 2023 च्या उन्हाळ्यात सामान शार्लटच्या 'अपटाऊन'ला पोचलं (तिथे डाउनटाऊन म्हणत नाहीत, म्हटलं तर दुरुस्त करतात), खोकी फुटली न फुटली, आणि 1 सप्टेंबरला एसीसीने तीन नवे सदस्य घेतले. एक टेक्ससमधल्या डॅलसचं एसएमयू, म्हणजे सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ. दुसरं स्टॅनफर्ड. तिसरं बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ. शेवटची दोन त्याच फुटलेल्या पॅक-12 मधली. तिचं ऑफिस बर्कलीहून पूल ओलांडला की होतं. आता त्यांचं मुख्यालय खंडाच्या पलीकडे, अटलांटिकचं नाव लावणाऱ्या कॉन्फरन्सचं. शार्लटला सकाळी नऊला ऑफिस उघडतं तेव्हा स्टॅनफर्डला सहा वाजलेले असतात आणि क्रीडाविभागाचा माणूस पांघरुणातूनच फोन घेतो.

ईएसपीएनबरोबरचा करार 2036 पर्यंत आहे. राज्याने बांधून घेतलेली पंधरा वर्षं त्याच्या पुढे दोनेक वर्षांनी सरतात. म्हणजे टीव्हीचं भवितव्य ठरल्यानंतरच शार्लट सोडायची मोकळीक मिळेल. तेव्हा पुन्हा कुणी नवा कमिशनर असेल, पुन्हा एक सल्लागार कंपनी नेमली जाईल, पुन्हा निकष निघतील. विमानतळ त्यांत असेलच. पूर्वेची प्रमाणवेळ असेल, असं मला वाटत नाही.