बाऱ्हे दोनदा कसं आलं

हे रजिस्टर आधी नीट बघून घ्या. दोनशे पानी, खाकी कव्हर, कोपऱ्यावर चहाचा डाग, आणि आत रकान्यात बारीक पेन्सिलीने मुलांची नावं. सुरगाण्याकडून एसटीने आलंय, वाचनवर्ग घेणाऱ्या ताईंच्या मांडीवर बसून.

शनिवार सकाळ, नाशिकच्या गंगापूर रोडकडचं एक इंजिनिअरिंग कॉलेज, २४ तासांचं हॅकेथॉन, म्हणजे टीम करून सलग बसून ॲप बनवायची स्पर्धा. काम दिलंय पेठ-सुरगाण्यात वाचनवर्ग चालवणाऱ्या एका संस्थेने. कुठलं मूल कुठल्या पायरीवर आहे ते फोनवर दिसावं, एवढंच. पायऱ्या 'असर'च्या, म्हणजे मुलांना किती वाचता येतं ते बघणाऱ्या सर्वेक्षणाच्या चाचणीतल्याच, प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. अडचण अशी की दिवाळी झाली की बरीच घरं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात, पोरं पण सोबत, आणि तिकडच्या ताईला इकडचं काहीच माहीत नसतं, मग परिच्छेद वाचणारी पोरगी पुन्हा क ख ग पासून.

दुपारपर्यंत या टीमने काय केलं, तर डॅशबोर्ड. रंगीत गोल, वर-खाली जाणारे बार, मस्त दिसतंय. मग ताई विचारतात, "रेंज नसली तर?"

[इथे निवेदन नाही. पोरांचे चेहरे.]

फळा पुसला. आता सगळं आधी फोनमध्येच सेव्ह, एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये, रेंज आली की वर जाणार. दोन ताईंनी एकाच मुलाची नोंद केली तर कुणाची धरायची यावर तासभर भांडण झालं, शेवटी ठरलं की जुनं काही खोडायचंच नाही, प्रत्येक चाचणी तारखेसकट वेगळी ओळ. रजिस्टरमध्ये हेच होतं म्हणा, पण सांगतंय कोण.

रात्रीचा दीड. मिसळीच्या रिकाम्या प्लेटी, एका एक्स्टेंशन बोर्डवर सात चार्जर. गावांच्या यादीत बाऱ्हे दोनदा येतंय. झूम करून बघा, काडीचा फरक नाही. तरी एकात अकरा मुलं, दुसऱ्यात चार. आधी वाटलं डेटा भरताना चुकलं. मग टीममधल्या या मुलीने दोन्ही शब्दांचा एकेक कोड उलगडला आणि सापडलं. एका बाऱ्हेत ऱ आहे, युनिकोडमधलं, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या यादीतलं, स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि ह च्या आधी एक न दिसणारं चिन्ह, झिरो विड्थ जॉइनर, रुंदी शून्य. ताईंच्या फोनचा कीबोर्ड एक लिहितो, ऑफिसचा कॉम्प्युटर दुसरं. आपल्या डोळ्याला एक गाव, मशीनला दोन. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या कोडांत लिहिलेलं एकच अक्षर एका रूपात आणायची तयार पद्धत, लावलं तरी ही दोन एक होत नाहीत, ते हाताने करावं लागतं. हिंदीत हा र लागत नाही, त्यामुळे तयार कोड शोधून हाताला फार काही लागलं नाही. दऱ्या, कुऱ्हाड, शेतकऱ्यांची, रोजचे शब्द आहेत हो आपले! तिने सहा ओळी लिहिल्या, सेव्ह व्हायच्या आधी सगळं एकाच रूपात आणायचं. पहाटे तीनला यादीत बाऱ्हे एकदाच, पंधरा मुलं.

[टाळी एकच वाजते, बाकीचे झोपलेत.]

निकालाचं शूट नाही, कॅमेऱ्याची बॅटरी गेली. पहिलं बक्षीस दुसऱ्या टीमला गेलं. हे ॲप आता काही ताईंच्या फोनवर आहे, द्राक्षाचा हंगाम अजून जायचाय.

आणि हा सीबीएस, नाशिकचा एसटी स्टँड, रविवार दुपार. ताई खिडकीत बसल्यात, फोन पर्समध्ये, रजिस्टर मांडीवर. नोंद सध्या दोन्हीकडे करतात.