नडगीचे फ्रॅक्चर, नर्व्ह ब्लॉक आणि दबलेला ठणका

नमस्कार. उसाचा हंगाम सुरू झाला, की कर्नाटकातल्या निपाणी, चिकोडी, खानापूरच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांची रांग लागते आणि दुचाकीवरून पडून नडगीचे हाड मोडलेले रुग्णही येऊ लागतात. अशा रुग्णाच्या नसेजवळ भुलीचे इंजेक्शन देऊन पाय बधिर करतात, त्याला नर्व्ह ब्लॉक म्हणतात. बुपिव्हाकेनसारख्या औषधाने हा बधिरपणा बारा तास, कधी त्याहूनही जास्त टिकतो. वयस्कर माणसाचा खुबा मोडला असेल, तर ब्लॉकबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझी काळजी आहे ती नडगीबद्दल.

गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत बसवलेले असतात आणि प्रत्येक कप्प्याभोवतीचे चिवट आवरण फारसे ताणले जात नाही. आत रक्तस्राव होऊन सूज चढली, की दाब वाढतो आणि स्नायूंना रक्त पोहोचेनासे होते, मग पावलाची नाडी हाताला लागत असली तरीही. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. ही स्थिती सहा तासांच्या पुढे गेली, तर स्नायू कायमचे निकामी होण्याचा धोका असतो. तिची पहिली खूण म्हणजे वेदनाशामकाला न जुमानणारा ठणका आणि पायाची बोटे हलक्या हाताने वाकवताच पोटरीत उठणारी कळ. दाट औषधाचा ब्लॉक नेमकी हीच खूण दाबू शकतो. अशी कळ ब्लॉकमधूनही फुटून वर येते, असे काही डॉक्टर सांगतात आणि तसे रुग्ण आढळलेही आहेत, पण त्या भरवशावर मी रात्र काढणार नाही.

म्हणून ब्लॉक देण्यापूर्वी भूलतज्ज्ञ आणि हाडांचे डॉक्टर यांचे आपसात बोलणे झाले आहे का, औषध सौम्य ठेवता येईल का आणि रात्री पाय कोण तपासणार, हे नातेवाइकांनी विचारावे. मध्यरात्री आईच्या हाताला पोटरी दगडासारखी लागली, मुलगा मात्र "काही दुखत नाही" म्हणत असला, तरी तिने सिस्टरला उठवावे. कन्नड येत नसेल तर मराठीत सांगावे, पोटरीवर हात ठेवून दाखवावे. प्लास्टर असेल तर ते आतल्या कापसासकट उभे चिरावे लागते, आणि पाय उशांवर उंच न चढवता हृदयाच्या पातळीत ठेवावा लागतो.

शंका राहिली, तर डॉक्टर सुईने कप्प्यातला दाब मोजतात. रक्तदाबाचा खालचा आकडा आणि हा दाब यांतले अंतर 30 च्या आत आले, तर आवरण चिरून कप्पे मोकळे करतात. ती जखम लगेच शिवत नाहीत, काही दिवस उघडीच ठेवतात, हे घरच्यांना आधीच सांगितलेले बरे.